अख्ख्या घराला पुरेल असा

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आमच्या घरात डोकं ठिकाणावर ठेवून खरेदी करणारी व्यक्ती एकच, आणि ती म्हणजे मी! फ्रिज मी निवडला, तो अजून कुरकुरत नाही. नवराही मीच निवडला. तो कुरकुरतो, पण तिथे दुकानात माल फार नव्हता. त्यामुळे जनरेटर घ्यायचं ठरलं तेव्हा मी छातीठोकपणे म्हटलं, "त्यात काय एवढं? जायचं, बोट दाखवायचं, घेऊन यायचं!"

मी दातांची डॉक्टर. घराच्या पुढच्या खोलीत माझा दवाखाना, मागच्या खोल्यांमध्ये संसार. आमच्या भागात वीज म्हणजे लाडावलेला जावई. येते कधी, जाते कधी, विचारायची सोय नाही! एरवी मी चालवून घेतलं असतं. पण त्या दिवशी खुर्चीत शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. खुर्ची आडवी, डोकं खाली, पाय वर, तोंड उघडं, दाढ अर्धी कोरलेली. आणि वीज गेली!

ड्रिल थांबलं. दिवा गेला. खुर्ची विजेवर चालणारी, त्यामुळे बाई तशाच आडव्या राहिल्या, उलट्या पडलेल्या कासवासारख्या.

"आँ?" बाई म्हणाल्या.

"काही नाही बाई, येईल इतक्यात," मी म्हटलं.

आली नाही. शेवटी मी आणि नवऱ्याने मिळून त्यांना खांद्याला धरून उठवलं, दाढेत तात्पुरतं सिमेंट भरलं. तोंड मोकळं झाल्याबरोबर त्या म्हणाल्या, "पूर्वतयारी नसताना धडा सुरू करू नये, एवढं तर तुम्हाला कळायला हवं होतं!"

मला! माझ्या दवाखान्यात! जणू वीज कंपनी माझ्या माहेरची आहे! त्याच संध्याकाळी मी जाहीर केलं, "जनरेटर घ्यायचा. आणि एका खोलीपुरता नाही. अख्ख्या घराला पुरेल असा!"

इथे नवऱ्याची ओळख करून द्यायला हवी. तो पुस्तकांची प्रुफं तपासतो. घरी बसून तपासतो, त्यामुळे तपासणं घरातही सुरू असतं. मी चिडून चिठ्ठी लिहिली तरी तो आधी तिच्यातल्या वेलांट्या सुधारतो, मग माफी मागतो. मी जनरेटरच्या कंपन्यांची माहितीपत्रकं आणून त्याच्यापुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी बघते तर सगळी लाल पेनाने रक्तबंबाळ!

"ही कंपनी बाद," तो म्हणाला.

"का? आवाज जास्त आहे? डिझेल जास्त पिते?"

"'विश्वसनीय'चं 'विश्वासनीय' केलंय. ज्यांना अक्षरं जुळवता येत नाहीत, ते तारा काय जुळवणार?"

"अहो, आपल्याला जनरेटर घ्यायचाय, व्याकरण नाही!"

"आणि ही दुसरी बघ. 'विद्युत' लिहिलंय, तेही पाय न मोडता. जुन्या नियमाने 'विद्युत्'चा पाय मोडायला हवा!"

पाय कोणाचा मोडायला हवा हे मला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसत होतं. अशा रीतीने बाजारातल्या सगळ्या कंपन्या शुद्धलेखनात नापास होऊन एकच उरली. तिचं पत्रक निर्दोष होतं. तिचा माणूस दुसऱ्याच दिवशी घरी आला. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं.

"मॅडम, एकच सांगा. एकाच वेळी घरात काय काय चाललं पाहिजे?"

किती साधा प्रश्न! मी म्हटलं, "दवाखान्याची खुर्ची, ड्रिलचा कंप्रेसर, दिवे, पंखे. झालं."

"आणि माझी खुर्ची?" आतून आवाज आला. सासूबाई! त्यांच्याकडे पाठ रगडून देणारी एक खुर्ची आहे. ती चालू झाली की खालच्या फरशा थरथरतात आणि वर सासूबाई डोळे मिटून हसतात.

"आई, वीज नसेल तेव्हा थोडा वेळ पाठ नाही रगडली तर चालेल की!"

"तुझे पेशंट थोडा वेळ दात दुखवून घेतील तर चालेल का?" सासूबाई म्हणाल्या. मग नवऱ्याला आठवलं की त्याला एसीशिवाय ऱ्हस्व-दीर्घ दिसत नाहीत. मग गीझर आला. ओव्हन आला. जनरेटरवाला प्रत्येक वस्तूला मान डोलवत होता आणि त्याचे डोळे लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे चमकत होते.

"मोटारवर चालणारी वस्तू सुरू होताना तिप्पट वीज ओढते, मॅडम. मोठाच घ्या."

"अंदाजाने काही घ्यायचं नाही," नवरा म्हणाला. "आधी मोजू. रविवारी घरातलं सगळं एकदम लावायचं आणि मीटर बघायचं."

मला ती कल्पना आवडली, हे मी कबूल करत नाही. मी फक्त विरोध केला नाही.

रविवारी सकाळी नवरा मीटरसमोर उभा राहिला. मी दवाखान्यात, सासूबाई स्वयंपाकघरात. "चालू!" असं तो ओरडला आणि आमच्या घराने एकदम गर्जना केली! कंप्रेसर धडधडला, वॉशिंग मशीन गरगरलं, मिक्सर किंचाळला, सासूबाईंची खुर्ची रिकामीच थरथरत भिंतीकडे चालू लागली. विमान उडणार आणि आपण आत आहोत, असं मला वाटलं. नवरा आनंदाने आकडे ओरडत होता.

आणि मग बाहेरच्या खांबावर, फट्!

सगळं शांत. आमचं घरच नाही, अख्खी गल्ली शांत! मिनिटभरात फाटकाशी शेजारचे साहेब उभे. ते निवृत्त न्यायाधीश. गल्लीतली मांजरंसुद्धा त्यांच्यासमोरून जाताना चाल सुधारतात. पण आज त्यांच्या हातात विजेचं दाढीचं यंत्र होतं आणि दाढी अर्धीच झाली होती. डाव्या बाजूने न्यायाधीश, उजव्या बाजूने आरोपी!

"तुमचीही गेली का वीज?" त्यांनी विचारलं.

खरं सांगायचा माझा अगदी विचार होता. पण तोंडातून निघालं, "हो ना, साहेब! काय हा कारभार! सुट्टीच्या दिवशीसुद्धा सुखाने जगू देत नाहीत!"

"बेजबाबदारपणा!" साहेब म्हणाले.

"निव्वळ बेजबाबदारपणा!" मी म्हणाले. "अशा लोकांना रस्त्यात उभं करून जाब विचारायला हवा!"

मी अगदी मनापासून चिडले होते. कोणावर, ते जाऊ द्या. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अगं, मिक्सर बंद करू का आता? की गल्लीची वीज आली की पुन्हा एकदा उडवायचीय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाटकाच्या कडीकडे पाहिलं. ते वळले आणि अर्धी दाढी घेऊन घरी गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

याचा परिणाम काय झाला? जनरेटर कुठे बसवायचा हे ठरवायला जनरेटरवाला आला, तर साहेब कुंपणाच्या पलीकडे हाताची घडी घालून हजर! खिडक्यांपासून लांब, उघड्यावर, अशी जागा आमच्याकडे एकच होती. ती नेमकी त्यांच्या झोपायच्या खोलीकडे.

"आवाज किती होणार?" साहेबांनी विचारलं.

"अजिबात नाही, सर! चार माणसं बोलत बसलीत, तेवढाच."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "चारांपैकी या किती?"

मी! ज्या बाईला दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात बघायचं असतं, तिला बोलायला वेळ कधी मिळतो? त्यावर माझा नवरा हसला! हसला, आणि मग माझ्याकडे पाहून खोकला. मी जनरेटरवाल्याला म्हटलं, "इथेच बसवा. आणि आजच बसवा!"

बसला. हत्तीएवढं धूड, पांढरंशुभ्र. सोबत चेंजओव्हरची पेटी. वीज गेली की ही पेटी आपोआप घर जनरेटरला जोडणार, आली की आपोआप परत विजेला जोडणार, हात लावायला नको. आणि बघा लोकहो, माणसाचं नशीब कसं असतं! तो बसला आणि वीज जायची थांबली! रोज मी दिव्याकडे बघायची. दिवा माझ्याकडे बघून हसायचा. एकदा तर दिवा जरासा लुकलुकला आणि आम्ही तिघंही टाळ्या वाजवत अंगणात धावलो. काही नाही. बल्ब गेला होता.

मुख्याध्यापिकांना मी फोन करून बोलावलं. "आता निर्धास्त या, बाई. पूर्वतयारी आहे." त्या आल्या, आडव्या झाल्या, मी दाढेतलं सिमेंट काढलं, आणि वीज गेली!

"आँ!" बाईंचे डोळे विस्फारले.

"घाबरू नका," मी हसत म्हटलं. अशा हसण्यासाठी माणूस आयुष्यभर वाट बघतो! बाहेर घर्रर्र झालं, पेटीत खट् झालं, आणि झगमगाट! खुर्ची हलली, ड्रिल गुणगुणलं. मी बाईंकडे असं पाहिलं की जणू वीज मीच माझ्या हाताने कातली होती.

तेवढ्यात बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. त्या फाटकात उभ्या राहून गल्लीभर पुकारत होत्या, "या या! लाजू नका! आमच्याकडे अख्ख्या घराचा आहे!"

"अहो, आईंना थांबवा!" मी मास्कमधून ओरडले. उशीर झाला होता. लोक आले! फोन घेऊन आले, लॅपटॉप घेऊन आले, एक बाई इस्त्री आणि ओले कपडे घेऊन आल्या, कोणीतरी केस वाळवायचं यंत्र आणलं. दवाखान्यातलं, बैठकीतलं, न्हाणीघरातलं, प्लगचं प्रत्येक भोक भरलं. दात सोडून सगळी भोकं भरली!

"मी दवाखाना चालवतेय की धर्मशाळा?" मी ओरडत होते, तोच दार उघडलं आणि साहेब आत आले. दोन्ही हातांनी छातीशी काचेची पेटी धरून! पेटीत पाणी, पाण्यात मासे. मागून त्यांची बायको वायर सांभाळत.

साहेबांचा आवाज पहिल्यांदाच बारीक ऐकला मी. "यांचा पंप बंद पडलाय, डॉक्टर. वर येऊन तोंड उघडतायत."

माणसाने चिडावं तरी किती? मी माशांकडे पाहिलं. उघडी तोंडं माझ्याच्याने बघवत नाहीत, शेवटी धंदा आहे तो! मी अवजारांचं टेबल रिकामं केलं, टाकी तिथे ठेवली, एक्सरेचा प्लग काढून पंपाचा लावला. बुडबुडे सुरू झाले. साहेब टाकीपाशी उकिडवे बसले आणि काचेवर बोट ठेवून कुजबुजले, "झालं हं, झालं." मुख्याध्यापिका आडव्या पडून, तोंड उघडं ठेवून, माशांकडे बघत होत्या. मासेही तोंड उघडून त्यांच्याकडे बघत होते.

मी ड्रिल उचललं. आणि तेव्हा आतल्या खोलीतल्या फरशा थरथरू लागल्या.

"आई! आत्ता नको!"

"सगळ्यांची सोय झाली, मग मीच काय घोडं मारलंय?" सासूबाईंनी खुर्चीतून विचारलं.

बाहेर जनरेटर एकदा गुरगुरला, दोनदा खोकला, आणि गप्प झाला. झगमगाट संपला.

पण कहर पुढेच आहे! थोड्या वेळाने खरी वीज आली. गल्लीभर आली. लोकांनी प्लग काढले, "बरी सोय झाली हो" म्हणाले आणि आपापल्या उजळलेल्या घरी गेले. आमच्या घरी मात्र अंधार! ती शहाणी पेटी जनरेटरच्या बाजूला अडकून बसली होती. परत विजेकडे वळायलाच तयार नाही! मी जनरेटरवाल्याला फोन लावला.

"मॅडम, एवढा लोड तुम्ही सांगितलाच नव्हता," तो म्हणाला. "माशांचं तर कधीच बोलला नाहीत तुम्ही!"

"माणूस कधी पाठवताय?"

"सोमवारी."

"पत्रक मात्र निर्दोष होतं," नवरा अंधारातून म्हणाला. तो अंधारात होता म्हणूनच वाचला!

शेवटी टाकी घरी पोचवून आलेल्या साहेबांनी कुंपणावरून एक लांब वायर टाकली. तिच्यावर मी कंप्रेसर चालवला आणि मुख्याध्यापिकांची दाढ भरली. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "धडा पूर्ण झाला. हस्ताक्षर जरा हललंय."

संध्याकाळी साहेब वायर परत न्यायला आले. वायर गुंडाळून झाली तरी ते दारातच घुटमळले.

"डॉक्टर, एक विचारायचं होतं. माशांचं बघून बायकोने हट्टच धरलाय. आम्हीही जनरेटर घ्यावा म्हणतो. तुम्हाला आता अनुभव आहे. कोणता घ्यावा?"

दुसरी कोणी असती तर हात जोडले असते. मी त्यांना आत बोलावलं, बसवलं, आणि डिझेल की गॅस, लोड कसा मोजायचा, कंपनी कशी पारखायची, मोटारी सुरू होताना काय काळजी घ्यायची, सगळं सविस्तर समजावून सांगितलं. साहेब मान डोलवत ऐकत होते.

मधे एकदाच थांबावं लागलं. मेणबत्ती संपली होती, आणि दुसरी कुठे ठेवलीय ते घरात कोणालाच सापडेना.