दिगंबरचं बिनविषारी अँटीफ्रीझ

एखादी गोष्ट गरम कशी करावी आणि गार कशी करावी, हे अमेरिकेतल्या ट्रॉय गावात दिगंबर सबनीसाइतकं कुणालाच कळत नव्हतं, असं निदान दिगंबर सबनीसाचं मत होतं. मोटारींचे रेडिएटर बनवणाऱ्या कंपनीत त्याची हयात चालली होती. मिशिगनच्या थंडीत ज्याची गाडी अडायची तो मराठी माणूस आधी दिगंबरला फोन लावायचा. लावत नसे एकटा डॉक्टर चारुदत्त कारखानीस, कारण त्याची गाडी कधी अडतच नसे.

दिगंबरच्या पोटात दुखायला तेवढंही पुरलं असतं. पण दोघं एकाच हिवाळ्यात अमेरिकेत आले, एकाच अपार्टमेंटमध्ये शेजारी राहिले, आणि मग चारुदत्तने तळ्याकाठी घर घेतलं. मग मुलीला पियानो घेतला. आणि आता चौऱ्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात त्याने चक्क मोटरहोम आणलं! आत बिछाने, शेगडी, न्हाणी, सगळं. दिगंबरची बायको पद्मजा ते बघून आली आणि आपल्या घराला चाकं नसल्याचं दुःख करत बसली.

अशात चारुदत्तचा फोन आला. मोटरहोममध्ये गरम पाण्याचं हीटिंग होतं. बॉयलरचं पाणी नळ्यांतून फिरून गाडी ऊबदार ठेवतं; ते गोठू नये म्हणून त्यात अँटीफ्रीझ घालायचं. मोटारीचं हिरवं चालेल ना, असं तो विचारत होता.

दिगंबरला स्वर्ग दोन बोटं उरला.

"चारुदत्त, ते विष आहे," तो शक्य तितक्या शांतपणे म्हणाला. "तुझ्या नळाचं पाणी त्याच बॉयलरवर तापतं. मध्ये फक्त एक पातळ पत्रा. उद्या तो लीक झाला तर वहिनींच्या चहात काय उतरेल? गुलाबी घालायचं, हीटिंगसाठीचं, बिनविषारी. तू राहू दे, तुला नाही जमणार. मी आणतो."

त्याने गुलाबी अँटीफ्रीझचे तीन पांढरे कॅन आणले. त्यातला एक, कमीजास्त पाणी घालून फ्रीजरमध्ये प्रयोग करण्यातच संपला. आता जाड प्लॅस्टिकचा, घट्ट झाकणाचा रिकामा कॅन फेकून देणारी मराठी बाई अजून तरी ट्रॉयला आलेली नव्हती. पद्मजाने तो धुऊन धुऊन लख्ख केला आणि मोटरहोमच्या पूजेसाठी कोकम सरबत करून त्यात भरलं. फ्रिजमध्ये जागा नव्हती, म्हणून कॅन गॅरेजमध्ये ठेवला. थंडीत तिथल्या आपल्या बायकांचा दुसरा फ्रिज म्हणजे गॅरेजच. फळीवर अँटीफ्रीझचे दोन कॅन होते, त्यांच्या शेजारी हा तिसरा.

शनिवारी सकाळी दिगंबर हाताला लागले ते दोन कॅन उचलून पुढे गेला. त्यातला एक सरबताचा होता.

चारुदत्तच्या ड्राइव्हवेवर महाराष्ट्र मंडळातली सगळी माणसं जमली होती. चारुदत्तच्या बायकोने, सुमित्रावहिनींनी, मोटरहोमला हार घातला, चारुदत्तने नारळ फोडला. मग जो तो आत शिरून कपाटं उघडून बघू लागला. दिगंबरने पहिला कॅन हीटिंगच्या टाकीत रिकामा केला, तेव्हा बघायला कुणीही नव्हतं. हे काही त्याला सोसेना. त्याने आवाज चढवून सगळ्यांना बाहेर बोलावलं, हिरव्यातलं विष आणि गुलाबीतला सज्जनपणा यावर व्याख्यान दिलं, दुसरा कॅन निम्मा ओतला आणि म्हणाला, "इतकं सेफ, की हे बघा, पिऊन दाखवतो."

त्याने झाकणभर घोट घेतला. आंबट लागलं. मागून मीठ आलं, त्याच्यामागून जिरं. रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही.

"कसं लागतं रे?" चारुदत्तने कौतुकाने विचारलं.

कबूल करायचं, तर ते चारुदत्तसमोर! दिगंबर म्हणाला, "गोडसर." आणि उरलेलं सरबतही त्याने टाकीत ओतून टाकलं.

बॉयलर पेटला. थोड्या वेळाने टाकीच्या झाकणातून वाफ फुसफुसायला लागली आणि वहिनींनी आत मसालेभात टाकलाय वाटतं, अशी कुजबुज झाली. तेवढ्यात पद्मजा एका मैत्रिणीच्या गाडीतून उतरली. फळीवर एकच कॅन उरला होता, तेव्हा तो आपलाच, असं समजून ती तो घेऊन आली होती. कागदी पेले भरले गेले. पहिला पेला अर्थातच चारुदत्तला.

खोटं कशाला बोला, क्षणभर दिगंबरला वाटलं, पिऊ दे. सेफ तर आहेच. पण पेले पोरांच्याही हातात गेले होते.

"पिऊ नका! ते अँटीफ्रीझ आहे!"

"पण आत्ता तूच प्यायलास ना?" चारुदत्त म्हणाला.

"मी प्यायलो ते सरबत होतं."

"मग माझ्या हीटरमध्ये काय आहे?"

जिऱ्याचा वास सगळ्यांनाच येत होता. चारुदत्त डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग त्याने दिगंबरच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हा नसता तर मी हिरवंच ओतून बसलो असतो. यार, आपण दोघं मिळून नळ्या धुऊन काढू." आणि अंगातल्या चांगल्या स्वेटरसकट तो गाडीखाली शिरला. डॉक्टर असावा तर असा, असं म्हणत माणसं घरी गेली.

परतताना पद्मजा गहिवरली होती. "किती मोठं मन हो! त्यांच्या जागी तुम्ही असतात तर?"

दिगंबर गाडी चालवत होता. घर, पियानो, मोटरहोम, हे सगळं आज ना उद्या आपणही घेऊ, असं म्हणता येत होतं. मोठं मन आता आणायचं कुठून?

"मोठं मन वगैरे ठीक आहे," तो शेवटी म्हणाला, "पण ते सगळ्यांसमोर दाखवायची काय गरज होती?"