माणिककाकांचं परराष्ट्र धोरण

माणिककाकांच्या शेतात बांधाला इकडच्यासारखं धुरा म्हणायची सोय नाही. ती सीमा. कुरुंद्याच्या शिवारात त्यांची सलग अठरा एकर, आणि भोवतीच्या एक-दोन एकरवाल्यांना त्यांनी देशांची नावं देऊन टाकलीत. ओढ्याकडचा बाबाराव मालदीव, कारण पावसाळ्यात त्याच्या रानाभोवती पाणीच पाणी. मेंढरंवाला सटवाजी भूतान. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. तीन बाजूंनी काकांच्या जमिनीत अडकलेली कांताबाई नेपाळ. तिच्या पलीकडचं रान शहरातल्या एका व्यापाऱ्यानं घेतलं, तो अर्थातच चीन.

मी सांगलीकडचा. आठवीत शाळा सोडून ट्रॅक्टरमागं गावोगाव फिरणाऱ्या, हळद शिजवायच्या कुकरवर कामाला लागलो आणि त्याच्याबरोबर इकडं आलो. पहिल्याच हंगामात कावीळ झाली. माझा मालक दुसरा माणूस बघून निघून गेला. ओळख ना पाळख, काकांनी मला आखाड्यावर, म्हणजे त्यांच्या शेतातल्या घरी, ठेवून घेतलं आणि महिनाभर पथ्याचं रांधून घातलं. काकू वारलेल्या, मुलं पुण्यात, त्यामुळं रांधायचेही तेच. आज 'जा' म्हणतील, या भीतीनं मी रोज लवकर उठून अंगण झाडायचो. ते पेपर घेऊन यायचे आणि परदेशाच्या बातम्या मोठ्यानं वाचायचे.

"मोठ्या देशानं आधी द्यावं, मंग बोलावं. बराबर हाय का न्हाई?"

मी 'व्हय' म्हणायचो. पुढं त्यांनी स्वतःचा कुकर घेतला आणि माझ्या हाती दिला.

आणि माणूस नुसता बोलणारा नव्हे. उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीचं पाणी आधी शेजाऱ्यांच्या रानात जातं, मग स्वतःच्या. फक्त पाण्यामागोमाग काका जातात आणि तासभर जगाचं राजकारण सांगतात. बाकीचे मान डोलावतात. कांताबाई तेवढी कमरेवर हात ठेवून म्हणायची, "तुमचं पाणी घ्यायचं म्हंजे भाषणबी घ्यावं लागतंय. पिकाला भाषण लागत न्हाई, दाजी."

असलं भांडण दिवसाआड व्हायचं.

यंदा तिनं काकांचं पाणी सोडून व्यापाऱ्याच्या रानातून पाइप घेतला. काका त्या दिवशी जेवले नाहीत. "नेपाळ तिकडं झुकून राहिलं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिच्या गाडीवाटेवर बोरीच्या काट्या पडल्या. तिला वाट ती एकच, काकांच्या रानातून. आणि तिची वर्षाची हळद खणून ढीग लागलेला. ओली हळद ढिगात तापली की सडते. कुकर गेल्याशिवाय इलाज नाही, आणि कुकर काट्यांच्या अलीकडं.

"तुह्या काकाला सांग," कांताबाई काट्यांपलीकडून मला म्हणाली, "डोक्यावर नेईन, पर त्याच्या दारात यायची न्हाई."

काका रोज संध्याकाळी विचारायचे, "आली व्हती का? काय म्हणली?" मी नुसतं 'न्हाई' म्हणायचो. सहाव्या दिवशी मात्र ढिगाचा वास आमच्या आखाड्यापर्यंत आला. इथून हाकललं तर मला जायला घर नव्हतं. तरी म्हणालो, "काका, आधी द्यावं, मग बोलावं, हे तुम्हीच शिकवलंत."

काका पेपराची घडी घालत म्हणाले, "माह्याकडं समदे कामापुरते येतेत लेकरा, मान खाली घालून. ती एकलीच भांडायला यायची. वाटलं, वाट बंद केल्यावर तं येईल."

आणि उठून गेले. काट्या स्वतःच्या हातांनी ओढल्या, मला हात लावू दिला नाही.

मी ट्रॅक्टरला कुकर जोडून निघालो. कांताबाई पदर खोचून धुऱ्यावर उभीच होती. सहा दिवसांचं साठलेलं एकदम सुटलं. "काहून आता? समदी सडल्यावर येणार व्हते का? मोठे झाले म्हणून वाट तुमच्या बापाची हाय का?"

काका समोर उभे, हात ओरखड्यांनी लाल, मान खाली. मी भीतभीत बाजूनं निघालो तर त्यांनी हात आडवा केला. मन फिरलं की काय, म्हणून मी ब्रेक दाबला.

"बंद कर ते ट्रॅक्टर," काका म्हणाले. "ती काय म्हणून राहिली, मला ऐकूच येऊन न्हाई राहिलं."