तपकिरी ॲप्रन

हे मी लिहिणारच नव्हतो. यात मी काही फार बरा दिसत नाही. पण लंबू म्हणाला, लिही. म्हणून लिहितोय.

आमच्याकडे चष्म्याच्या काचा घासतात. जुन्यांना निळा ॲप्रन, नव्यांना तपकिरी. कारण? निळं कापड संपलं होतं. बस्, एवढंच. पण महिन्याभरात आम्हा निळ्यांना पक्कं कळलं, की तपकिरी लोक आळशी असतात, नळ नीट बंद करत नाहीत आणि हसतातही जरा जास्तच. लंबू तेवढा चांगला. "तू त्यांच्यातला वाटतच नाहीस," असं मी त्याला कौतुकानं सांगायचो. तो नुसतं "बरं" म्हणायचा.

सोमवारी माझ्या ॲप्रनवर चहा सांडला. लंबूनं त्याचा जादाचा दिला. तो घालून मी दिवसभर काचांच्या जोड्या लावल्या.

मंगळवारी बोंब! चाळीस जोड्यांत डावी काच उजवीकडे.

"तपकिरीच असणार," पहिला मीच बोललो.

"असणार काय, मी बघितलं ना!" पॅकिंगवाल्या काकू म्हणाल्या. "पाठमोरा होता, पण ॲप्रन तपकिरीच."

साहेब तापले. "यांच्या हातात कसबच नाही. लंबूला या आठवड्यात कायम करणार होतो. आता एकालाही नाही!"

लंबूनं हातातली काच खाली ठेवली. माझ्याकडे बघत राहिला.

"आणि ॲप्रन कसला, पार घोट्यापर्यंत लोंबत होता," काकू म्हणाल्या.

मी साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो.

"साहेब, तो मी होतो."

"तू?"

"मीच. लंबूचा ॲप्रन घातला होता."

"अगं बाई! दमला असेल हो पोरगा," काकू कळवळल्या.

"चाळीसच तर जोड्या," साहेब एकदम मऊ. "होतं माणसाकडून."

"मग लंबूचं कायम व्हायचं?"

"होईल रे, त्याचा काय दोष? पण आपला ॲप्रन असा कुणालाही द्यावा का त्यानं?"

दुपारी लंबू शेजारी काचा पुसत बसला होता.

"उद्या माझ्याकडून चुकलं तर?" त्यानं विचारलं.

"तर सगळ्यांसमोर सांगेन, लंबू दमला असेल. शप्पथ."

"आणि दमलेलो नसलो तर?"

"तरी सांगेन."