बाविस्कर सरांचा ट्रक

बाविस्कर सरांना 'नगण्य' या शब्दाचा राग येतो. धरणगावच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते भौतिकशास्त्र शिकवतात, मी मराठी. गणितात 'घर्षण नगण्य माना' असं आलं की ते खडू खाली ठेवतात आणि "नगण्य कोणी ठरवलं?" असं वर्गालाच विचारतात. वर्गाने काहीच ठरवलेलं नसतं. त्याला जळगावच्या क्लासची बस पकडायची असते. तिथले सर सूत्रात आकडे घालून मिनिटात उत्तर हातात देतात.

बाविस्कर सरांची गाडी मात्र निघतच नाही. मोटारीत माणसं किती, टायर कधी बदलले, रस्ता चाळीसगावकडचा की धुळ्याकडचा, हे आधी ठरायला हवं. चेंडू गच्चीवरून सोडायचा असेल तर खाली कोण उभं आहे हे बघितल्याशिवाय ते सोडू देत नाहीत. तास संपतो, चेंडू वरच राहतो.

यंदा सराव परीक्षेचा पेपर त्यांनी काढला. रावेरहून केळी भरून निघालेला ट्रक ताशी बहात्तर किलोमीटर वेगाने चालला आहे, समोर म्हैस येते, चालक ब्रेक लावतो, मंदन म्हणजे वेग घटण्याचा दर चार. ट्रक किती अंतरावर थांबेल? गणित सरळ होतं. बहात्तर म्हणजे सेकंदाला वीस मीटर. वीसचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट, म्हणजे आठ; उत्तर पन्नास मीटर. पण सरांनी खाली एक ओळ जोडली होती : 'रस्त्याचा विचार करून लिहा.'

पहिली येणाऱ्या मुलीने खरोखरच विचार केला आणि रस्ता ओला की कोरडा हे दिलेलं नाही म्हणून गणित सोडून दिलं. ज्यांनी पन्नास मीटर लिहिलं त्यांना तीन गुण मिळाले. रावेरच्या एका मुलाने लिहिलं, भरलेला ट्रक त्या रस्त्याने बहात्तरने नेतच नाहीत, हादऱ्यांनी केळी काळी पडतात. त्याला पाचपैकी पाच.

मुलीचे वडील तक्रार घेऊन आले. प्राचार्यांनी सरांना बोलावलं.

"सर, रस्ता बांधकाम खात्याचा आहे. आपल्याकडे फक्त पाच गुण आहेत."

फेरपरीक्षा ठरली, पण सर ती ओळ काढायला तयार होईनात. दुसऱ्या दिवशी ते रजेवर गेले. प्राचार्यांनी मला त्यांच्या घरी धाडलं. प्रश्न बदलून आणा, नाहीतर क्लासवाल्यांकडून पेपर घेऊ, असा निरोप होता.

वाद घालायच्या तयारीनेच मी गेलो. दार उघडं होतं आणि सर आईच्या खाटेवर वाकले होते. आई पडल्यापासून उठू शकत नाहीत, हे त्यांनी कॉलेजात कोणाला सांगितलं नव्हतं.

"बरं झालं आलात. खांद्याला धरा," सर म्हणाले.

आम्ही दोघांनी आईंना कुशीवर वळवलं. टाचेवर लाल डाग होता. सरांनी तो बोटाने दाबला, बोट उचललं. डाग तसाच लाल राहिला.

"एवढ्याशा जागेवर सगळा भार येतो, मग जखम होते," ते हळू म्हणाले. "पोटरीखाली उशी असली की तो पसरतो, टाच टेकत नाही. ती उशी काल ओली झाली, गच्चीवर वाळत घातलीय. बाकीच्या पाठीला लावल्यात."

मी प्रश्नाचा कागद पुढे केला. त्यांनी त्याकडे धड पाहिलंही नाही.

"काढा ती ओळ. पन्नास मीटर करून टाका."

मी कागद घडी करून खिशात घातला. आई म्हणाल्या, "बस ना भाऊ. हाऊ बठ्ठं मोजस, पन जेवानं इसरी जास."

सगळं मोजणारा जेवायचं विसरतो, हे ऐकून सर ओशाळून हसले. मी उशी बघायला गच्चीवर गेलो. आतला कापूस अजून दमट होता. खाली येऊन तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, स्टूल खाटेच्या पायथ्याशी ओढलं, आईची पोटरी स्वतःच्या तळहातांवर घेतली, टाच अधांतरी ठेवली आणि तसेच बसून राहिले.