गजभियेकाकांचा झुनी डबा

गजभियेकाकांना कुठेही सांधा दिसला की ते त्यावरून अंगठ्याचं नख फिरवतात. न्यूझीलंडमधल्या अप्पर हटच्या आमच्या नव्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा "जय भीम" म्हणून थेट बाथरूममध्ये शिरले. टाइल्सवर नख ओढून म्हणाले, "पाह्य बाप्पा, केवढी फट! झुरळ संसार थाटेल इथं."

काका मूळचे नागपूरचे. मी नर्स आहे त्याच हॉस्पिटलात ते फार्मसिस्ट होते. निवृत्त झाले, बायको सुलोचनाकाकू गेल्या. आता शेजारच्या गल्लीत एकटेच राहतात. एकदा दाताच्या डॉक्टरनं दात भरून दिला, तर यांनी जीभ फिरवून सुन्न तोंडानंच सांगितलं, "फत लाहिली." डॉक्टरनं पाहिलं. राहिली होती!

या वेडाचं मूळ एक चांदीचा डबा. अमेरिकेत न्यू मेक्सिकोला भावाकडे गेले असताना घेतलेला. नावाहो आणि झुनी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमाती; चांदीकाम एका नावाहो कारागिराचं, झाकणावरचा पक्षी एका झुनी बाईनं जडवलेला. निळा फिरोजा, लाल पोवळं, पांढरा शिंपला; तुकड्याला तुकडा असा भिडलेला की मध्ये केसही जाऊ नये. "नावाहोची चांदी पाह्य अन् झुनीचा सांधा पाह्य," काका म्हणायचे. पाहायचं फक्त. हात लावायचा नाही.

परवा साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंना घेऊन मी त्यांच्याकडे गेले. मी चहा ओतत होते तेवढ्यात आईंनी कपाटावरचा तो डबा उचलला.

"छान आहे हो. वेलदोडे ठेवता का यात?"

"हात नका लावू!" काका एवढ्यानं ओरडले की आई दचकल्या आणि डबा खाली पडला. पक्ष्याच्या पंखातला एक निळा तुकडा उडाला.

आईंचा चेहरा पडला. आम्ही तिघं गालिच्यावर रांगू लागलो. शेवटी काकांना तो सोफ्याखाली सापडला. गोळ्या उचलायच्या जुन्या चिमट्यानं त्यांनी तो डिंक लावून बसवला. सांधा दिसत होता.

"माझ्यामुळे झालं," आई म्हणाल्या.

"नाही वहिनी. ओरडलो मी." काका डब्याकडे बघत राहिले. "सुलोचनानंही विचारलं होतं, लवंगा ठेवू का म्हणून. असाच ओरडलो होतो. मग तिनं कधी हातच लावला नाही. नऊ वर्षं तीच रोज या कपाटावरची धूळ पुसायची. डब्याच्या भोवतीनं."

काका उठून स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं, डोळे पुसायला गेले असतील. आले ते लवंगांची बरणी घेऊन.

"वहिनी, तुम्हीच भरा," ते म्हणाले. "माझ्या हातून सांडतील."

आईंनी पदराला हात पुसले, डबा मांडीवर घेतला आणि झाकण उघडलं.