शेवटची खपली

सासऱ्यांच्या पाठीवर फोड दिसले आणि घर हादरलं. डॉक्टर म्हणाले, कांजिण्या आहेत. ज्याला पूर्वी येऊन गेल्यात त्यानेच जवळ जायचं, बाकीच्यांनी शेवटची खपली वाळेपर्यंत खोलीबाहेर. नवऱ्याला आल्या नव्हत्या. सासूबाई म्हणाल्या, आपल्यालाही नाहीत. उरली सून. तिच्या कपाळावर लहानपणच्या कांजिणीचा व्रण होता, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती.

तिने कचेरीत रजा टाकली आणि गादी घेऊन खोलीत शिरली. सुरुवातीला तिचा जीव मेटाकुटीला आला. सासरे तापाने फणफणलेले, खाजवू नका म्हटलं की रुसायचे. शेवटी तिने त्यांच्या हातांत पायमोजे चढवले. मग ताप उतरला, आणि तिच्या लक्षात आलं की लग्नानंतर पहिल्यांदाच आपण दुपारच्या झोपतोय. ताट दाराशी आयतं येत होतं. बाहेर दूध उतू जात होतं, भांडी आदळत होती, पण ते सगळं दाराबाहेर.

एका सकाळी शेवटची खपली गळून पडली. सुनेचा चेहरा उतरला.

"बाबा, संपलं वाटतं."

सासऱ्यांनी कोपर पुढे केलं. "ही काय, आहे की एक."

"तो तीळ आहे."

"डॉक्टरांनी तिळाबद्दल काही सांगितलंय?"

झालं. दोघांनी पत्ते काढले. दुपारी सासरे जिंकून खदाखदा हसले, तेव्हा नवऱ्याने घाबरून दाराबाहेरून चौकशी केली. तापात बरळतायत, असं तिने सांगून टाकलं. त्यावर बाहेर काय कुजबूज झाली कोण जाणे. थोड्या वेळाने दार उघडून सासूबाईच आत आल्या, काखेत उशी.

"आई, अहो, तुम्हाला लागण होईल."

"लहानपणीच येऊन गेल्यात मला," सासूबाई दार लावत शांतपणे म्हणाल्या.

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"बोलले असते तर ह्यांचं सगळं माझ्याच गळ्यात पडलं असतं. मला काय माहीत, बाहेर तुझ्या नवऱ्याला सांभाळणं जास्त अवघड आहे ते."

सासऱ्यांनी घाईघाईने कोपर झाकलं. सासूबाईंची नजर पत्त्यांवर गेली, मग सुनेवर. सून पत्ते गोळा करायला लागली. आता बाहेर जावं लागणार.

सासूबाईंनी उशी टेकवून मांडी घातली. "दोघांत काय डोंबल रंगणार? मलाही वाट."

सून पानं वाटायला लागली, तोच दारावर टकटक झाली. मीठ कुठल्या डब्यात आहे, नवरा विचारत होता.

तिघंही एका सुरात कण्हली.