एक लाथ, अकरा आडवे आणि एक चादर

"सोमवारी दुकानाच्या गल्ल्यावर? आणि मी? अगं, सोमवारी मी मुलाखती देत असेन, मुलाखती!"

शुक्रवारी सकाळी आरशासमोर काळा पट्टा आवळत उस्तादांनी बायकोला हे ठणकावून सांगितलं. उस्ताद म्हणजे गादीच्या दुकानाचे जावई. संध्याकाळी गच्चीवर कराटे शिकवायचे. 'उस्ताद' ही पदवी त्यांना कोणी दिली हे विचारू नये, कारण ती त्यांनी स्वतःच घेतली होती.

त्यांचा सिनेमा त्या दिवशी लागत होता. नाव होतं 'एक लाथ, अकरा आडवे'. लेखक उस्ताद, दिग्दर्शक उस्ताद, नायक उस्ताद! हाणामारीचा पण विनोदी सिनेमा. सासऱ्यांशी करार असा, की सिनेमा चालला तर खुशाल सिनेमे काढा. नाही चालला, तर सोमवारी दहाच्या ठोक्याला दुकानात येऊन बसा, आणि पुन्हा लाथेचं नाव काढायचं नाही. उस्तादांना गादीवर पडायला आवडे, गादी विकायला नाही. म्हणजे जिवावरचंच संकट!

सिनेमाला पैसा नव्हता, पण सासऱ्यांचं गोदाम होतं. खलनायकाचा अड्डा तिथेच झाला. मारामारीत पडायला गाद्याही दुकानातल्याच.

"गाद्या वापरा," सासरे म्हणाले होते, "पण बूट लागता कामा नये. मी जातीनं हजर राहणार."

आणि राहिले! उस्तादांनी लाथ उगारली की म्हातारा कंबरेत वाकून पळत यायचा, गादी सरकवायचा, वर जुनी चादर अंथरायचा, चारी कोपरे नीट खोचायचा आणि मगच बाजूला व्हायचा. गुंड धाडकन पडला की लगेच ब्रश घेऊन हजर! तोवर उस्तादांचा पाय हवेत. कॅमेरा चालू. पुन्हा घ्यावं म्हटलं, तर पडलेला गुंड म्हणे, "आता तुम्ही पडा." त्यामुळे अकरा गुंड अकरा वेळा पडले आणि सासरे अकरा वेळा सिनेमात आले.

"अहो, बाबा दिसतायत की!" बायको तेव्हाच म्हणाली होती.

"लोक लाथ बघतात," उस्ताद म्हणाले. "कोपऱ्यात कोण बघतंय?"

थिएटर छोटं होतं आणि मॅनेजर मोठा खडूस. त्याचा नियम असा, की पहिल्या खेळानंतर प्रेक्षकांनी चिठ्ठीवर मत लिहून पेटीत टाकायचं. निम्म्याहून जास्त लोकांनी 'ठेवा' म्हटलं तर सिनेमा राहणार, नाहीतर दुसऱ्या दिवशी पोस्टर खाली.

उस्ताद हसले. सासुरवाडीची चाळीस माणसं त्यांनी दुपारच्या खेळाला आणली आणि दारातच मताच्या चिठ्ठीचा एक नमुना मोठ्यानं वाचून सगळ्यांना उतरवून घ्यायला लावला. बायकोनं कपाळाला हात लावला. आता एक गोष्ट सांगायला हवी. हे घराणं पिढीजात गादीवाल्यांचं. सांगितलेल्या मापापेक्षा एक बोट कमी नाही की एक बोट जास्त नाही, हे तिथल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक. उस्ताद ही गोष्ट विसरले.

सिनेमा सुरू झाला. पहिली लाथ आली आणि थिएटर हसून लोळायला लागलं! पुढच्या रांगेतल्या उस्तादांची छाती फुगली. मात्र एक गोष्ट बायकोच्या लक्षात आली.

"अहो, लोक तुमच्या लाथेच्या आधीच हसतायत."

"अंदाज येतोय त्यांना! यालाच दरारा म्हणतात."

खेळ संपल्यावर मॅनेजरनं उस्तादांना आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर पेटी उपडी केलेली होती. त्यानं चष्मा लावून पहिली चिठ्ठी वाचली.

"कथा दमदार. हाणामारी जोरदार. टाळ्या वाजवून हात दुखले. ठेवा. इथे स्वतःच्या मनाचं एक वाक्य घालावं."

उस्तादांनी ती चिठ्ठी ओढून घ्यायला हात पुढे केला.

"दुसरी," मॅनेजर म्हणाला. "कथा दमदार. हाणामारी जोरदार. टाळ्या वाजवून हात दुखले. ठेवा. इथे स्वतःच्या मनाचं एक वाक्य घालावं. तिसरी वाचू? की चाळिसावी वाचू? हां, या एका बाईंनी खरंच मनाचं वाक्य घातलंय. 'जावईबापू फार वाळलेत.'"

ती बायकोची आत्याबाई! उस्तादांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मॅनेजरनं त्या चाळीसही चिठ्ठ्या केराच्या डब्यात टाकल्या. उरल्या एकोणीस, त्याही अनोळखी माणसांच्या. उस्तादांना डोळ्यांसमोर गल्ला दिसायला लागला, आणि त्या गल्ल्यामागे म्हातारे झालेले आपण.

"'चादरवाले आजोबा एक नंबर! ठेवा,'" मॅनेजर वाचू लागला. "'आजोबा कोपरे खोचतात तेव्हा पोट दुखेपर्यंत हसलो. ठेवा.' 'गुंडांपेक्षा गादीची काळजी! काय कल्पना आहे! उद्या घरच्यांना आणतो.' 'ब्रश मारतानाचा त्यांचा चेहरा बघायला पुन्हा येणार.'"

एकोणीसच्या एकोणीस! ठेवा, ठेवा, ठेवा!

"नायकाबद्दल काही?" उस्तादांनी हळूच विचारलं.

मॅनेजरनं चिठ्ठ्या चाळल्या. "आहे एक. 'सिनेमा झकास. फक्त नायक मध्येमध्ये येतो.'"

उस्तादांना ते लागलं. घरी जाताना ते रागानं बायकोच्या चार पावलं पुढेच चालले. पण शनिवारी थिएटर भरलं. रविवारी तर शेजारच्या हॉटेलातून खुर्च्या आणाव्या लागल्या! पडद्यावर लाथ उगारली गेली की अख्खं थिएटर ओरडायचं, "आजोबा, चादर!" आणि आजोबा यायचे! सासरे स्वतः मागच्या रांगेत बसून डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसत होते. इतक्या वर्षांत त्या माणसाला असं हसताना कोणी पाहिलं नव्हतं. ते पाहून उस्तादांचा राग कुठल्या कुठे गेला. मनात म्हणाले, हशा त्यांचा असेल, पण सिनेमा माझा आहे! मध्यंतरात मॅनेजरनं सिनेमा दुसऱ्या आठवड्यातही ठेवल्याचा कागद हातात ठेवला, तेव्हा त्यांनी आनंदानं तिथेच हवेत एक लाथ मारली. कोपऱ्यातलं पाण्याचं पिंप पडलं, पण कोणी रागावलं नाही.

पैज जिंकली! सोमवारी सकाळी ते ताठ मानेनं, निव्वळ मिरवायला म्हणून, दुकानात गेले. सासरे नवा कोरा सदरा घालून दारातच उभे होते. काखेत ती चादर.

"बरं झालं आलात, जावईबापू! पेपरवाले यायचेत थिएटरवर, माझी मुलाखत घ्यायला. चादरीसकट बोलावलंय. जरा गल्ल्यावर बसता का? दहा वाजलेच."

उस्ताद बसले. काय करतात बिचारे!

थोड्या वेळानं पहिलं गिऱ्हाईक आलं. गादी दाबून बघता बघता ते उस्तादांकडे निरखून पाहू लागलं.

"तुम्हाला कुठंतरी पाहिलंय हो! त्या आजोबांच्या सिनेमात होतात का तुम्ही?"

"हो," उस्ताद गादीचं माप घेत म्हणाले. "मध्येमध्ये येतो."